‘पुट ऑफ’ वापरताना आधी कर्म पाहा: अर्थ, शब्दक्रम आणि नेहमीच्या चुका

‘पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे’ एवढे एकच समीकरण पाठ करून बसल्यामुळे मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी, आणि नोकरीत रोज इंग्रजी पत्रे लिहिणारी माणसेसुद्धा, या एका फ्रेझल व्हर्बमध्ये, म्हणजे क्रियापद आणि ‘ऑफ’सारखा छोटा शब्द मिळून वेगळा अर्थ देणाऱ्या जोडीत, पुन्हा पुन्हा त्याच चुका करतात. कोणी पाहुण्यांनाच पुढे ढकलतो, कोणी अंगातला सदरा ‘पुट ऑफ’ करतो, आणि कोणी बैठक लांबणीवर टाकायची असताना ती अलीकडे आणल्याचे कळवून मोकळा होतो. या चुकांचे मूळ पाठांतरात कमी आणि क्रमात जास्त आहे. आपण आधी मराठी अर्थ धरतो आणि मग वाक्य रचतो. या क्रियापदापुरता तरी क्रम उलटा हवा: आधी कर्म, मग अर्थ, मग शब्दांची जागा आणि शेवटी पुढचा जोडशब्द.

तयारी

एक वही आणि विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला कोणताही चांगला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश एवढे साहित्य पुरेसे आहे. कोशात ‘पुट’ हा शब्द काढा आणि मुख्य नोंद ओलांडून शेवटी जा, कारण फ्रेझल व्हर्ब बहुधा तिथे वेगळ्या गटात दिलेली असतात. तिथे ‘समबडी’ आणि ‘समथिंग’ यांची संक्षिप्त रूपे दिसतील: एस-बी म्हणजे माणूस आणि एस-टी-एच म्हणजे वस्तू, काम किंवा घटना. बहुतेक जण ही अक्षरे न वाचता थेट अर्थाकडे उडी मारतात, आणि खरी गोची तिथेच होते. काही कोशांत दुहेरी बाणही छापलेला असतो. कर्म ‘ऑफ’च्या अलीकडे किंवा पलीकडे, दोन्हीकडे चालते, असा त्याचा अर्थ आहे.

वहीत तीन रकाने आखा: ‘काम किंवा घटना’, ‘माणूस’, आणि ‘माणूस अधिक वस्तू’. पुढची सगळी उदाहरणे याच रकान्यांत जातील. चौथा रकाना मराठी अर्थासाठी आखण्याचा मोह होईल, तो तूर्त आवरा.

टप्पा १: रूपे पक्की करा

‘पुट’ची तिन्ही रूपे एकच आहेत: पुट, पुट, पुट. ‘पुटेड’ असे रूप अस्तित्वात नाही. त्यामुळे ‘ही पुट ऑफ द ट्रिप’ हे वाक्य भूतकाळीच आहे. वर्तमानकाळी असते तर तृतीय पुरुषी एकवचनाचा ‘एस’ लागून ‘ही पुट्स ऑफ द ट्रिप’ झाले असते. ‘आय’, ‘वी’ किंवा ‘दे’ असेल तर मात्र रूपावरून काळ कळत नाही, म्हणून ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’ किंवा ‘ऑफन’ असा काळ दाखवणारा शब्द वाक्यात ठेवणे बरे. ‘आयएनजी’ लावताना ‘टी’ दोनदा येतो.

लिहिताना ‘ऑफ’मध्ये दोन ‘एफ’ असतात. एकाच ‘एफ’चा शब्द म्हणजे षष्ठीचा अर्थ देणारा ‘ऑव्ह’. मराठी उच्चारात आपण दोन्ही ‘ऑफ’ असेच म्हणत असल्यामुळे लिहिताना हा घोटाळा सर्रास होतो, आणि स्पेलिंग तपासणारे यंत्रही तो बऱ्याचदा पकडत नाही, कारण दोन्ही शब्द त्याच्या लेखी बरोबर असतात.

बोलताना जोर बहुधा ‘ऑफ’वर पडतो, ‘पुट’वर नाही. ‘पुट इट ऑफ’ हे तीन शब्द सलग, ‘पुटिटॉफ’ असे ऐकू येतात. कानाला ही सवय नसेल तर बातम्या किंवा मुलाखती ऐकताना हे क्रियापद समोरून निघून जाते आणि कळतही नाही.

तपासणी: मागच्या आठवड्यात एक काम लांबणीवर टाकले असल्याचे एक वाक्य ‘शी’ घेऊन लिहा. त्यात ‘एस’ किंवा ‘ईडी’ आले असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: अर्थ शोधण्याआधी कर्म ओळखा

हे अवघड वाटत असेल तर मराठीतल्या ‘लावणे’कडे पाहा. दिवा लावला म्हणजे सुरू केला, दार लावले म्हणजे बंद केले, झाड लावले म्हणजे रोवले आणि विरजण लावले म्हणजे दुधाचे दही व्हायची सोय केली. क्रियापद एकच असूनही आपला गोंधळ होत नाही, कारण कर्म ऐकताच अर्थ आपोआप ठरतो. ‘पुट ऑफ’चे अगदी तसेच आहे. ते वापरणारा इंग्रज मनात पाच अर्थांची यादी चाळत बसत नाही; ‘पुट ऑफ’ कोणाला किंवा कशाला, एवढेच तो पाहतो.

म्हणून वाक्य समोर आले की स्वतःला तीन प्रश्न विचारा. कर्म काम किंवा घटना आहे का? कर्म नुसता माणूस आहे का? की माणूस आणि त्यानंतर ‘ऑफ’च्या पलीकडे आणखी एखादी गोष्ट आहे? उत्तर मिळाले की त्या रकान्यात वाक्य लिहा आणि मगच पुढच्या टप्प्यावर या.

इशारा: ‘पुढे ढकलणे’ या अर्थी कर्म अनिवार्य आहे. ‘तो नेहमी चालढकल करतो’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे, पण ‘ही ऑल्वेज पुट्स ऑफ’ हे इंग्रजीत अर्धवट राहते. एकतर ‘ही ऑल्वेज पुट्स थिंग्ज ऑफ’ म्हणा, किंवा कर्म न लागणारे ‘प्रोक्रॅस्टिनेट’ हे क्रियापद घ्या.

टप्पा ३: कर्मावरून अर्थ ठरवा

कर्म काम किंवा घटना असेल तर

इथे आपला ओळखीचा अर्थ लागतो: पुढे ढकलणे, लांबणीवर टाकणे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा १४ मार्च २०२१ रोजी व्हायची होती, ती ऐनवेळी पुढे ढकलली आणि २१ मार्चला झाली. ‘दे पुट ऑफ द एक्झाम’ असे याचे वर्णन अचूक होते. याच अर्थाची दुसरी छटा चालढकलीची आहे: ‘आय कीप पुटिंग ऑफ द डेंटिस्ट’ म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे जायचे मी आज-उद्या करत टाळतो आहे. पहिल्या छटेत बहुधा नवी तारीख ठरते. दुसरीत ती कधीच ठरत नाही.

दोन्ही छटांत एक अट समान आहे, आणि ती कोशाच्या एका ओळीत सहसा दिसत नाही: लांबणीवर टाकण्याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. गाडीला उशीर झाला तर ‘द ट्रेन वॉज पुट ऑफ’ म्हणता येत नाही, ‘द ट्रेन वॉज डिलेड’ म्हणावे लागते. पाऊस लांबला तर त्याला कोणी पुढे ढकललेले नसते, म्हणून तिथेही ‘डिले’च योग्य. मराठीतले ‘लांबला’ आणि ‘लांबणीवर टाकला’ यांतले अंतर लक्षात ठेवले की हा प्रश्न सुटतो.

कर्म नुसता माणूस असेल तर

इथे सर्वांत जास्त वाक्ये फसतात, कारण एकाच साच्यात तीन अर्थ बसतात आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे कर्त्यावरून ठरते.

कर्ता माणूस असून भेटीचा, पैशांचा किंवा कामाचा विषय चालू असेल, तर अर्थ टोलवणे, झुलवत ठेवणे किंवा येऊ नका म्हणून कळवणे असा होतो. लग्नसराईत शिंपी ‘परवा या’ म्हणत राहतो, तेव्हा ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’. मुलाला ताप आला म्हणून रविवारच्या पाहुण्यांना येऊ नका असे सांगितले, तर ‘वी हॅड टू पुट अवर गेस्ट्स ऑफ’. या वाक्यात पाहुण्यांचा अपमान नाही आणि त्यांना कोणी शारीरिकरीत्या ढकललेलेही नाही. फक्त ठरलेली भेट रद्द झाली किंवा लांबली आहे.

कर्ता एखादी वस्तू, वास, किंमत किंवा वागणूक असेल, तर अर्थ मन उडणे, नकोसे होणे किंवा उत्साह मावळणे असा होतो. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे त्या वासाने मला नकोसे झाले. मराठीत अशा वाक्यात ‘मला’ पुढे येतो आणि वासाला तृतीया लागते. इंग्रजीत वास हाच कर्ता होऊन वाक्याच्या अग्रभागी बसतो. अनुभव घेणारा माणूसच कर्ता हवा असेल तर कर्मणी प्रयोग करा: ‘आय वॉज पुट ऑफ बाय द स्मेल’. घरांच्या आणि नोकऱ्यांच्या जाहिरातींत ‘डोन्ट बी पुट ऑफ बाय...’ अशी सुरुवात पुष्कळदा आढळते, आणि तिचा अर्थ ‘अमुक गोष्ट पाहून मागे हटू नका’ असा आहे. याच अर्थाचे विशेषण ‘ऑफ-पुटिंग’ होते. त्यात शब्दांचा क्रम उलटतो आणि मध्ये जोडरेघ येते. ‘पुटिंग-ऑफ’ असे विशेषण करू नका.

एखादे काम एकाग्रतेने चालू असताना कोणी व्यत्यय आणला, तर अर्थ लक्ष विचलित करणे असा आहे. साइटस्क्रीनपाशी कोणी हालचाल केली की फलंदाज हात वर करून गोलंदाजाला थांबवतो, कारण ‘द मूव्हमेंट पुट हिम ऑफ’. हा अर्थ प्रामुख्याने ब्रिटिश इंग्रजीतला आहे. अमेरिकेतल्या वाचकासाठी लिहीत असाल तर सरळ ‘डिस्ट्रॅक्ट’ वापरावे.

माणूस आणि त्यापुढे आणखी एक गोष्ट असेल तर

‘द ॲक्सिडेंट पुट हिम ऑफ ड्रायव्हिंग’ म्हणजे त्या अपघातानंतर त्याला गाडी चालवणे नकोसे झाले. ‘दॅट टीचर पुट मी ऑफ मॅथ्स’ हे वाक्य तर आपल्यापैकी पुष्कळांना स्वतःच्या नावावर घेता येईल. या साच्यात ‘पुढे ढकलणे’ हा अर्थ कधीही नसतो, त्यामुळे हा तिसरा रकाना अर्थाच्या दृष्टीने सर्वांत सोपा आहे. अपवाद एकच: ‘ऑफ’नंतर बस किंवा आगगाडी आली तर अर्थ वाहनातून उतरवणे असा होतो. तिकीट नसलेल्या प्रवाशाला वाहकाने खाली उतरवले, तर ‘द कंडक्टर पुट हिम ऑफ द बस’.

दिवा किंवा पंखा बंद करण्यासाठी ‘पुट ऑफ द लाइट’ म्हणतात आणि ते चूक नाही, तरी ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ अधिक रुळलेले आहे. चूक आहे ती ‘क्लोज द फॅन’ म्हणण्यात. ‘बंद कर’ या मराठी शब्दांमुळे ती आपल्या तोंडी बसते.

तपासणी: तुमच्या मनात आलेला अर्थ सांगताना वाक्याचा कर्ता विचारात घेतला का? ‘द डॉक्टर पुट मी ऑफ’ आणि ‘द डॉक्टर्स मॅनर पुट मी ऑफ’ यांतला फरक सांगता आला तर हा टप्पा पार पडला. पहिल्यात डॉक्टरांनी भेटीची वेळ लांबवली असण्याची शक्यता अधिक, दुसऱ्यात त्यांच्या वागण्यामुळे मन विटले.

टप्पा ४: ‘ऑफ’ची जागा ठरवा

पुढे ढकलण्याच्या अर्थी कर्म नाम असेल तर दोन्ही जागा चालतात: ‘वी पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘वी पुट द मीटिंग ऑफ’. कर्म सर्वनाम असेल तर मात्र ते मध्येच येते: ‘वी पुट इट ऑफ’. ‘वी पुट ऑफ इट’ हे चूक आहे, आणि माझ्या अनुभवात तपासायला येणाऱ्या वह्यांत सर्वांत जास्त लाल खुणा याच जागी पडतात. या नियमाला पळवाट नाही, म्हणून तो तोंडपाठच करावा.

कर्म लांबलचक असेल तर ‘ऑफ’ आधी उरका. ‘शाळेच्या विश्वस्तांबरोबर ठरलेली बैठक’ एवढा मोठा शब्दसमूह मध्ये कोंबला तर वाचणारा शेवटच्या ‘ऑफ’पर्यंत पोचताना ‘पुट’ विसरलेला असतो. ‘आयएनजी’चे रूप कर्म असेल तरीही ‘ऑफ’ आधीच येतो: ‘शी पुट ऑफ टेलिंग हिम’ म्हणजे त्याला सांगायचे तिने लांबवले. ‘ऑफ’ शेवटी नेऊन ‘शी पुट टेलिंग हिम ऑफ’ केले तर वाक्य मोडतेच, शिवाय ‘टेल हिम ऑफ’ म्हणजे त्याला रागावणे हा भलताच अर्थ डोकावू लागतो.

माणूस कर्म असेल तर त्याला ‘पुट’ आणि ‘ऑफ’ यांच्यामध्ये ठेवणे सुरक्षित आहे, आणि तिसऱ्या रकान्यातील वाक्यांत ते सक्तीचे आहे. ‘पुट माय ब्रदर ऑफ क्रिकेट’ बरोबर. ‘पुट ऑफ माय ब्रदर क्रिकेट’ याला काहीच अर्थ नाही.

कर्मणी प्रयोगात कर्म वाक्याच्या सुरुवातीला जाते आणि ‘पुट ऑफ’ एकत्र राहते: ‘द मॅच वॉज पुट ऑफ’. इथे ‘ऑफ’ गाळणे ही घाईत होणारी चूक आहे.

टप्पा ५: पुढचा जोडशब्द निवडा

दुसरी क्रिया जोडायची असेल तर ‘टू’ घेऊ नका, ‘आयएनजी’ घ्या. ‘आय पुट ऑफ टू गो’ नव्हे, ‘आय पुट ऑफ गोइंग’. मराठीत ‘जायचे टाळले’ म्हणताना ‘जायचे’ हे रूप येते, त्याचे प्रतिबिंब म्हणून ‘टू गो’ लिहिले जाते.

नवी तारीख सांगताना ‘टिल’ किंवा ‘अंटिल’ वापरा: ‘पुट ऑफ टिल मंडे’. किती काळासाठी ते सांगताना ‘फॉर’: ‘पुट ऑफ फॉर अ वीक’. सबबी सांगून टोलवले असेल तर सबबीच्या आधी ‘विथ’ येतो: ‘ही पुट मी ऑफ विथ एक्सक्यूजेस’. मन कशाने उडाले ते कर्मणी प्रयोगात सांगताना ‘बाय’.

इशारा: ‘टिल मंडे’ याचा अर्थ आता ते सोमवारी होईल असा आहे, सोमवारपर्यंत कधीही होईल असा नाही. मराठीतला ‘पर्यंत’ दोन्ही अर्थ पेलतो, म्हणून अंतिम मुदत सांगायची असेल तर ‘बाय मंडे’ म्हणावे लागते आणि तिथे ‘पुट ऑफ’चा संबंध येत नाही.

टप्पा ६: शेजाऱ्यांपासून वेगळे करा

‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावीची परीक्षा आधी लांबणीवर पडली आणि त्याच महिन्यात पुढे रद्द झाली: ‘इट वॉज फर्स्ट पुट ऑफ अँड देन कॉल्ड ऑफ’. टोकियोचे २०२० सालचे ऑलिम्पिक २०२१ मध्ये भरले, म्हणून ते ‘पुट ऑफ’. विम्बल्डनची २०२० सालची स्पर्धा झालीच नाही, म्हणून ती ‘कॉल्ड ऑफ’. ही जोडी लक्षात राहिली की पुन्हा अडखळायला होत नाही.

‘फॉरवर्ड’ हा शब्द या सगळ्यांत धोक्याचा. मराठीत बैठक ‘पुढे’ गेली म्हणजे उशिरा होणार. इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे ठरल्यापेक्षा आधी घेणे. ‘पुढे’साठी ‘फॉरवर्ड’ शोधून लंडनच्या कार्यालयाला ‘वी हॅव ब्रॉट द मीटिंग फॉरवर्ड’ असे कळवले, तर तिकडची माणसे दोन दिवस आधीच संगणकासमोर येऊन बसतील. ‘पुट फॉरवर्ड’चा नेहमीचा अर्थ प्रस्ताव मांडणे असा आहे, त्यामुळे तोही इथे कामाचा नाही. आपल्याकडचा ‘प्रीपोन’ भारतात सर्वांना समजतो, पण परदेशी वाचकासाठी ‘ब्रिंग फॉरवर्ड’च लिहावे.

‘पुट ऑन’ म्हणजे कपडे घालणे, तर ‘पुट ऑफ’ म्हणजे काढणे, हा तर्क सरळ दिसतो पण आजच्या इंग्रजीत चालत नाही. काढण्यासाठी ‘टेक ऑफ’ आहे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये मोशेला पायांतले जोडे काढायला सांगताना ‘पुट ऑफ’ आलेले आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकात ते दिसले तर छपाईची चूक समजू नये, आणि आपण मात्र तसे लिहू नये.

आग विझवण्यासाठी ‘पुट आउट’. दिवा आणि आग दोन्ही मराठीत विझतात, म्हणून ‘पुट ऑफ द फायर’ लिहिले जाते.

औपचारिक पत्रात पुढे ढकलण्यासाठी ‘पोस्टपोन’ शोभते. परीक्षेच्या नियंत्रकांना किंवा वकिलांना लिहिताना ‘पुट ऑफ’ चूक ठरत नाही, पण घरगुती वाटते.

टप्पा ७: ही वाक्ये दुरुस्त करा

उजवीकडचा भाग हाताने झाकून आधी स्वतः दुरुस्ती करा, मग पडताळा.

१. ‘ही पुटेड ऑफ द वेडिंग’: ‘ही पुट ऑफ द वेडिंग’. रूपाची चूक.

२. ‘द एक्झाम इज ऑन फ्रायडे, प्लीज पुट ऑफ इट’: ‘प्लीज पुट इट ऑफ’. सर्वनाम मध्ये हवे.

३. ‘आय पुट ऑफ टू पे द बिल’: ‘आय पुट ऑफ पेइंग द बिल’.

४. ‘माय फ्लाइट वॉज पुट ऑफ बिकॉज ऑव्ह फॉग’: ‘वॉज डिलेड’, कारण धुक्यामुळे झालेला उशीर हा कोणी घेतलेला निर्णय नव्हे.

५. ‘आय पुट ऑफ बाय हिज रूडनेस’: ‘आय वॉज पुट ऑफ बाय हिज रूडनेस’. ‘वॉज’ गळला की कर्मणी प्रयोग उरत नाही, आणि ‘पुट’चे भूतकाळी रूप वेगळे दिसत नसल्यामुळे ही चूक स्वतःच्या वहीत सापडायला वेळ लागतो.

६. ‘द प्राइस पुट ऑफ अस द फ्लॅट’: ‘द प्राइस पुट अस ऑफ द फ्लॅट’. माणूस मध्ये, वस्तू शेवटी.

७. ‘द मीटिंग इज पुट फॉरवर्ड टिल नेक्स्ट मंथ’: ‘द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ टिल नेक्स्ट मंथ’. इथे ‘फॉरवर्ड’ तसाच ठेवून फक्त ‘इज’चे ‘हॅज बीन’ केले असेल, तर सहावा टप्पा पुन्हा वाचा.